खाजकुहिलीची मात्रा

सुपा धरणाच्या पाण्याखाली जुने सुपे गेले आणि तालुक्याची कचेरी जोयड्यास आली, तरी काळी नदीच्या या खोऱ्यात ज्यांचे आयुष्य गेले त्यांचा रानावरील विश्वास काही हलला नाही. आणि ज्या मुलखात भिरंडाची सोले, आवळा, जांभूळ व परसातील हळद ही घरोघरची मिळकत आहे, तेथे दुखण्याला उतारा म्हणून माणसाचा हात प्रथम झाडपाल्याकडे जावा यात वावगे असे काही नाही. मात्र अलीकडे ‘वनस्पतिजन्य अँटिऑक्सिडंट’ असे भारदस्त नाव धारण करून जी चूर्णे आठवडे बाजारापर्यंत येऊन पोहोचली आहेत आणि कंपवातापासून मेंदूचे रक्षण करण्याची हमी देत आहेत, त्यांच्यामुळे आमच्या घरी काय घडले ते, असा रुग्ण ज्यांच्या घरी आहे त्यांच्या कानी घालणे मला अगत्याचे वाटते.

माझे वडील बंधू, आमचे दादा, महसूल खात्यात कारकून होते आणि त्यांच्या वळणदार अक्षराची दप्तरात तारीफ होत असे. निवृत्तीनंतर घरखर्चाच्या वहीत ओळीच्या आरंभी मोहरीएवढे असलेले अक्षर ओळीच्या अखेरीस खसखशीएवढे होऊ लागले आणि चालताना उजवा हात अंगाशी चिकटून राहू लागला. पिकलेल्या फणसाचा वास तर त्यांना त्याही आधीपासून येईनासा झाला होता. बेळगावच्या मज्जाविकारतज्ज्ञांनी कंपवाताचे निदान करून लेव्होडोपाच्या गोळ्या सुरू केल्या, आणि गोळ्यांनी गुणही आला.

पुढे कोणा हितचिंतकाने बाजारातून एक डबा आणून दिला. वर हिरवे पान आणि ‘मज्जापेशींचे नैसर्गिक संरक्षण’ हे शब्द ठळक होते; आत काय आहे याचा तपशील मात्र कोठेही नव्हता. मी शंका काढली तेव्हा वहिनी म्हणाल्या, “भावोजी, नुसतं झाडपाल्याचं तर आहे, अपाय काय व्हायचाय?” दादा ती राखाडी भुकटी गोळ्यांच्या जोडीने दुधातून घेऊ लागले. प्रथम हुशारी वाटली. मग मान व खांदे आपोआप वळवळू लागले, अंथरुणावरून उठताच भोवळ येऊ लागली, आणि रात्री पडवीत अनोळखी माणसे बसली आहेत असे ते सांगू लागले. घाबरून घरच्यांनी भुकटी बंद केली ती केली, वर शेजाऱ्यांच्या सल्ल्याने गोळ्याही बंद केल्या, आणि हे दुसरे पाऊल पहिल्याहून घातक ठरले: अंग लाकडासारखे ताठरले, ताप चढला, घोट गिळवेना. इस्पितळात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो, “गोळ्यांखेरीज आणखी काय देता?” असा.

ती भुकटी खाजकुहिलीच्या बियांची निघाली. जिच्या शेंगेवरची सोनेरी लव अंगाला लागली की माणूस खाजवून हैराण होतो तीच ही वेल, आयुर्वेदातील कपिकच्छू. तिच्या बियांत प्रत्यक्ष लेव्होडोपा असतो, आणि तो 1937 साली दामोदरन व रामस्वामी या भारतीय शास्त्रज्ञांनी वेगळा काढून दाखविला. वाणपरत्वे त्याचे प्रमाण बदलते, तरी शेकडा 4 ते 6 भाग धरले तर 10 ग्रॅम भुकटीतून 400 ते 600 मिलिग्रॅम लेव्होडोपा पोटात जातो. शिवाय गोळीत कार्बिडोपा असतो. मेंदूत पोहोचण्यापूर्वी लेव्होडोपाचा होणारा नाश तो रोखतो, आणि हे काम करताना गोळीतला लेव्होडोपा व भुकटीतला लेव्होडोपा असा पंक्तिप्रपंच करीत नाही. सारांश, दादांना जे लागू पडले आणि जे बाधले ते औषधच होते, फक्त मोजमाप नसलेले. या बियांना तुच्छ लेखण्याचे कारण नाही: 2004 साली प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या एका प्रयोगात त्यांच्या चूर्णाचा गुण नेहमीच्या गोळीपेक्षा लवकर दिसून आला, पण रुग्ण अवघे 8 होते आणि चूर्ण तोलून, देखरेखीखाली दिलेले होते.

राहिला संरक्षणाचा दावा. मेंदूतील डोपामिन निर्माण करणाऱ्या पेशी ऑक्सिडीकरणाच्या माऱ्याने जर्जर होतात ही उपपत्ती भक्कम आहे, आणि हळदीतील कर्क्युमिनसारखी द्रव्ये परीक्षानळीत व उंदरांत तो मारा सौम्य करतात हेही खरे आहे. परंतु माणसांवरची जबानी निराळी आहे. अमेरिका व कॅनडातील 800 रुग्णांवर ई जीवनसत्त्वाची चाचणी झाली, तिचा 1993 सालचा निकाल नकारार्थी. को-एन्झाइम क्यू-10 ची 600 रुग्णांवरील चाचणी निष्फळ ठरून थांबवावी लागली, तिचा निकाल 2014 साली आला. भिरंडाच्या सालीतील गार्सिनॉल कितीही गुणवान असो, सोलकढीने कंपवात टळतो असे म्हणण्यास आज आधार नाही. सोलकढी प्यावी ती जेवणाची गोडी म्हणून.

वनस्पती म्हणजे निरुपद्रवी, हा समज तर सर्वांत महाग पडणारा आहे. सह्याद्रीच्या रानात आढळणाऱ्या सर्पगंधेतील रेसर्पिन मेंदूतील डोपामिनचा साठाच रिता करते. आर्व्हिड कार्लसन यांनी 1957 साली याच द्रव्याने प्राण्यांना निश्चल केले व लेव्होडोपा देऊन पुन्हा हिंडते केले, आणि त्या मार्गावरील कामाबद्दल त्यांना 2000 साली नोबेल पारितोषिक मिळाले. डेरिसच्या मुळांतील रोटेनोन उंदरांत हुबेहूब कंपवात उत्पन्न करते. ग्वाडलूप बेटावरील विचित्र कंपवाताचा संबंध संशोधकांनी रामफळाच्या जातकुळीतील एका फळाच्या व त्याच्या पानांच्या काढ्याच्या अतिसेवनाशी जोडला आहे, आणि तीच पाने आपल्याकडे कर्करोगावरचा उतारा म्हणून विकली जातात!

तेव्हा ज्यांच्या घरी हा रुग्ण आहे त्यांनी लेव्होडोपाची गोळी कोणाच्याही शिफारशीवरून एकाएकी बंद करू नये, आणि ती जेवणाच्या निदान अर्धा तास आधी द्यावी, कारण डाळ, दूध, मासळी यांतील प्रथिने तिच्या शोषणाच्या आड येतात. लोहाची गोळीही तिच्याबरोबर देऊ नये. चालणे व व्यायाम रोज घडवावा. त्याची उपयुक्तता कोणत्याही चूर्णाहून अधिक सिद्ध झालेली आहे. आणि वैद्याचे औषध घ्यावयाचे असेल तर खुशाल घ्यावे, परंतु वैद्याला गोळ्यांची व डॉक्टरांना चूर्णाची खबर असावी. तपासणीस जाताना नुसते नाव सांगून भागत नाही, डबाच पिशवीत टाकून न्यावा. त्यावर घटकांची यादी नसेल, तर ती नाही एवढे पाहूनही डॉक्टरांना पुष्कळ काही कळते.