कुरळे केस

तारापूरच्या बाजूला एका गावात आमचा संध्याकाळचा वर्ग भरतो. वर्गाला एक मावशी येतात. एके दिवशी त्यांनी आपल्या नातीला बरोबर आणले. नात सात वर्षांची. डोक्याला घट्ट रुमाल बांधलेला.

आम्ही विचारले, "रुमाल कशाला गं?"

पोर काही बोलेना. मावशीच म्हणाल्या, "काय सांगू गुरुजी! हिचे केस कुरळे. रोज सकाळी कंगवा घेतला की रडारड. शाळेत पोरं चिडवतात. कुणी म्हणालं, टक्कल करा, मग सरळ येतील. तीनदा केलं. तरी मेले कुरळेच येतात!"

वर्गात हसू उठले. पोरीचे डोळे मात्र भरून आले. आम्ही फळा पुसला. आजचा धडा केसांचाच घ्यायचा असे ठरवले.

केस कुरळे का होतात?

केस कातडीच्या आत उगवतो. तिथे एक बारीक पिशवी असते. पिशवी सरळ असली की केस सरळ निघतो. पिशवी वाकडी असली की केस वळत वळत बाहेर येतो. सरळ केसाचा काप भिंगाखाली बहुधा गोल दिसतो. कुरळ्या केसाचा काप चपटा दिसतो.

ही ठेवण आपल्याला आईबापांकडून, आजीआजोबांकडून मिळते. वस्तऱ्याने फक्त कातडीवरचा केस जातो. आतली पिशवी आहे तशीच राहते. वरचे गवत कापले म्हणून खालचे मूळ बदलते का? नाही. तसेच हे आहे. म्हणून टक्कल करून कुरळे केस सरळ होत नाहीत.

कुरळे केस म्हणजे रोग नव्हे. बाळकृष्णाचे वर्णन करताना आपण कुरळ्या केसांचे कौतुक करतो. बुद्धाच्या मूर्ती पाहा. डोक्यावर लहान लहान वळ्या कोरलेल्या असतात. मग आपल्याच घरातल्या पोरीला नावे का ठेवायची?

हे केस कोरडे का पडतात?

डोक्याच्या कातडीतून थोडे तेल सुटते. सरळ केसावरून ते टोकापर्यंत उतरते. कुरळ्या केसाला वळणे फार. तेल वाटेतच अडते. म्हणून टोके कोरडी राहतात. प्रत्येक वळणापाशी केस नाजूक असतो. ओढला की तिथेच तुटतो. शिवाय एक केस दुसऱ्यात अडकतो आणि गुंता होतो. आपल्या किनाऱ्याची हवा दमट. पावसाळ्यात केस ओल शोषून घेतात आणि फुलतात.

निगा कशी राखावी?

१. आठवड्यातून एकदा किंवा दोनदा न्हावे. रोज साबण लावू नये. कपड्याचा साबण तर कधीच नको. केसावर माशासारखे बारीक खवले असतात. कडक साबणाने ते उभे राहतात आणि केस राठ होतो. शिकेकाई चालते. सौम्य शाम्पूही चालतो. तो डोक्याच्या कातडीला चोळावा, केसांच्या टोकांना नको. विहिरीचे पाणी मचूळ असेल तर साबण नीट निघत नाही. शेवटचा तांब्या गोड्या पाण्याचा घ्यावा.

२. न्हाण्याआधी तास-दोन तास खोबरेल लावावे. हे आपल्या आजीला ठाऊक होतेच. मुंबईच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली. ती २००३ साली छापून आली. केस मुख्यतः प्रथिनांचा बनलेला असतो. खोबरेल केसात मुरते आणि ही प्रथिने कमी झिजतात, असे दिसले. बाकीच्या दोन तेलांनी तसे झाले नाही.

३. कोरडे केस विंचरू नयेत. केस ओलसर असावेत. हाताला थोडे तेल असावे. आधी बोटांनी मोठा गुंता सोडवावा. मग मोठ्या दातांचा कंगवा घ्यावा. सुरुवात टोकापासून करावी आणि हळूहळू वर जावे. बट वरच्या बाजूला मुठीत धरावी, म्हणजे डोके दुखत नाही.

इथे वर्गातले एक दादा म्हणाले, "म्हणजे जाळ्यासारखंच की! गुंतलेलं जाळं ओढलं तर फाटतं. एकेक फास सोडवत जावं लागतं." अगदी बरोबर. दादा रोज जाळे सोडवतात. त्यांना हा धडा सर्वांच्या आधी कळला.

४. केस टॉवेलने खसाखसा पुसू नयेत. जुना मऊ पंचा घ्यावा. केस दाबून पाणी टिपावे.

५. रात्री सैल वेणी घालावी. फार घट्ट वेणी रोज घातली तर कपाळाजवळचे केस जातात. कारखान्यात यंत्राजवळ काम असेल तर मात्र केस पक्के बांधावेत, मोकळे ठेवू नयेत.

६. उवा झाल्या तर केसांना तेल लावून, गुंता काढून, मगच फणी फिरवावी.

आणखी एक गोष्ट. कंगव्यात केस दिसले की बाया घाबरतात. माणसाचे रोज पन्नास ते शंभर केस गळतात. सरळ केस खाली पडतात. कुरळे केस वळणात अडकून राहतात आणि विंचरताना एकदम निघतात. चार दिवसांचे केस एकाच दिवशी दिसतात, इतकेच.

गुंता तसाच ठेवला तर?

केस विंचरले नाहीत तर घाम, धूळ आणि तेल साचते. केस एकमेकांत घट्ट बसतात. त्याला आपण जट म्हणतो. कुरळ्या केसांत ती लवकर होते, पण कोणत्याही केसांत होऊ शकते. आपल्या राज्यात अजून काही लोक म्हणतात, "देवीची जट आली, कापाल तर घरावर संकट येईल." त्या भीतीने बाया वर्षानुवर्षे ते ओझे डोक्यावर वाहतात. मान दुखते. उवा होतात. झोप लागत नाही. काही मुलींना तर या जटेपायी देवाला सोडले गेले.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. समितीच्या पुण्यातील कार्यकर्त्या नंदिनी जाधव यांनी शेकडो बायांच्या जटा कापल्या आहेत. त्या आधी घरच्यांशी बोलतात, भीती घालवतात आणि मगच कात्री घेतात. जट नवी असेल तर तेल आणि बोटे पुरतात. जुनी, कडक झाली असेल तर कापावी. देवी कुणाच्या केसांवर रागवत नाही.

केस सरळ करावेत का?

आता पार्लरमध्ये केस सरळ करून मिळतात. पैसे बरेच जातात. मुळातून येणारा नवा केस पुन्हा कुरळाच येतो. काही औषधे तापवली की फॉर्मॅल्डिहाइड नावाचा वायू सुटतो. डोळे चुरचुरतात, श्वास कोंडतो. या रसायनाने माणसाला कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ साली ठरवले. मर्जी ज्याची त्याची. पण लोक हसतात म्हणून हे करू नये.

दूर अमेरिकेतही कुरळ्या केसांपायी काळ्या लोकांना कामावर आणि शाळेत त्रास होत असे. तिथल्या कॅलिफोर्निया राज्याने २०१९ साली कायदा केला. केसांच्या ठेवणीवरून कुणाला नोकरी नाकारता येणार नाही, शाळेतून घालवता येणार नाही.

धडा संपला. मावशींनी बोईसरच्या बाजारातून मोठ्या दातांचा कंगवा आणला. टक्कल करणे थांबले. पोरीचे केस आता कानापर्यंत आले आहेत. परवा ती रुमाल न बांधताच वर्गाला आली. मावशी म्हणाल्या, "अजून कधी कधी रडते. पण माझा हात घाईत असला तरच."

प्रश्न

१. टक्कल केल्याने केस सरळ का होत नाहीत?
२. गुंता कुठून सोडवायला सुरुवात करावी?
३. जट कशी तयार होते?
४. तुमच्या घरात कुणाचे केस कुरळे आहेत? त्यांना हा धडा वाचून दाखवा.