ग्राफिक्स कार्डावर कूलंटचे थेंब

प्रश्न : माझ्या कॉम्प्युटरला लिक्विड कूलिंग आहे. काल ग्राफिक्स कार्डावर हिरवट थेंब दिसले, ते पुसले. मशीन नीट चालतंय. वापरत राहू का?

उत्तर : अजिबात नको. आधी भिंतीवरचं बटण बंद करून प्लग काढा, मग पुढचं वाचा. नवं कूलंट वीज फारशी वाहून नेत नाही हे खरं. पण तांब्या-निकेलवरून फिरता फिरता त्यात आयन उतरतात, बोर्डावरची धूळ त्यात भर घालते, आणि शॉर्ट व्हायला एक थेंब पुरतो.

कार्ड आणि मदरबोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी काढा. ग्लायकॉलवालं कूलंट वाळल्यावर चिकट थर सोडतं, तो फडक्याने निघत नाही. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने स्लॉट आणि कार्डाच्या सोनेरी पट्ट्या साफ करा. दोन दिवस पंख्याखाली वाळू द्या. तांदळात पुरून काही साधत नाही.

गळतीचं मूळ बहुधा फिटिंगमध्ये असतं : तिथली रबरी ओ-रिंग चिरलेली किंवा सरकलेली असते. ती बदला, फिटिंग हातानेच आवळा. पान्याने आवळलं की नवी रिंगही चेपते. कारखान्यातून सीलबंद आलेला कूलर असेल तर दुरुस्तीच्या फंदात पडू नका, वॉरंटीत बदलून मागा.

जोडणीनंतर फक्त पंपाला वीज द्या आणि सांध्यांखाली टिश्यू पेपर ठेवा. २४ तास कागद कोरडा राहिला, तरच कार्ड बसवा.