शिवराई चिंचेने घासण्याआधी

लक्ष्मीपूजनाला पुजायची म्हणून आमच्या देवघरातल्या डब्यात काही शिवराया, म्हणजे तांब्याची जुनी नाणी, आणि व्हिक्टोरिया राणीचे चांदीचे रुपये पिढ्यानपिढ्या होते. एका दिवाळीत काकूंनी समया घासायला घेतल्या आणि त्याच चिंचेच्या कोळात ही नाणीही टाकली, वर राखेचा हात फिरवला. शिवराया लालभडक निघाल्या. घरात सगळे खूश! पुढे पुण्यातल्या एका संग्राहकांना दाखवल्या, तर त्यांनी भिंगातून पाहिलं आणि 'धुतलेल्या आहेत' एवढं म्हणून परत केल्या. एकीवरचं 'छत्र पति' तर निम्मं पुसलं होतं. काकूंना काय बोलणार? तांब्याची कळशी तशीच तर घासतात.

पण शिवराईवरचा तपकिरी-काळसर थर मळ नसतो. हवा लागून वर्षानुवर्षं तांब्याचाच तो झालेला असतो आणि खालच्या धातूला सांभाळतो. चिंचेतलं आम्ल तो खातं. राख आणि टूथपेस्ट उठावाची अक्षरं झिजवतात. चांदीवरचा काळेपणा म्हणजे सिल्व्हर सल्फाइड. ॲल्युमिनियमची फॉइल, सोडा, गरम पाणी या युक्तीने तो जातो खरा, पण मागे निस्तेज, पांढुरकी चांदी उरते आणि जाणकाराला ती लगेच कळते. ताटवाटीला चालेल; १८४०च्या रुपयाला नाही.

काढायचंच तर वरून बसलेलं काढा: हळदकुंकू, तेल, चिकटपट्टीचा गोंद. नाणं कडेने धरा. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवा, पाणी बदलत राहा, मग मऊ सुती कापडाने नुसतं टिपा. पुसू नका. तेल किंवा गोंद हटत नसेल तर काचेच्या वाटीत शुद्ध ॲसिटोन; खिडकी उघडी, जवळपास निरांजनसुद्धा नको. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात तेल-सुगंध मिसळलेले असतात. आधी एखाद्या बिनमोलाच्या नाण्यावर करून बघा. एवढ्याने निघत नसेल तर तसंच राहू द्या. आणि पूजेला नाणं डबीतच ठेवून हळदकुंकू डबीवर वाहिलं तर लक्ष्मी काही रागावणार नाही.

अपवाद एकच. तांब्यावर फिकट हिरवी भुकटी दिसली, झटकली तरी पुन्हा आली, तर तो क्षारांचा रोग आहे. दमट हवेत तो नाणं पोखरत जातो. असं नाणं इतरांपासून वेगळं, सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा आणि धातूंचं जतन करणाऱ्या तज्ज्ञाला दाखवा. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांतूनही हिरवट चिकटा धरतो, तेव्हा अल्बम घेताना पीव्हीसी नसलेला मागा.

नाणी शेतात नांगरताना निघाली असतील तर मातीसुद्धा झाडू नका. १८७८च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचा पुरलेला ठेवा सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे.