ऑईल गेलं कुठं? गटाच्या गाडीचा हिशेब



या महिन्याचा धडा गाडीच्या ऑईलवर आहे. आपल्या भागात आता गटांच्या गाड्या दिसू लागल्यात. कुणी भाजीपाल्यासाठी छोटा टेम्पो घेतलाय, तर कुणी प्रवासी गाडी चालवतंय. २०१७ साली केंद्र सरकारने आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना सुरू केली, तेव्हापासून गटाच्या ताईंनी गाडी चालवायची ही गोष्ट सरकारी कागदावरही आली. पण गाडी आली की तिचं दुखणंही येतं. कर्ज गटाच्या नावावर असतं आणि हप्ता आपल्या पैशातून जातो. म्हणून गाडी चालवता येत नसली तरी तिचं दुखणं ओळखता आलं पाहिजे.

हा धडा मी पुस्तकातून शिकले नाही. माझं शिक्षण समाजकार्याचं. गाडीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. आपल्याच एका गटात माझ्याकडून मोठी चूक झाली, तिच्यातून हे शिकले. गटाचं नाव सांगत नाही, पण चूक सांगते.

काय घडलं

त्या गटाचा डिझेल टेम्पो आहे. गटातल्याच एका मावशींचा मुलगा तो चालवतो. गावातली भाजी रोज बाजारात जाते, येताना किराणा येतो. दिवसाला साधारण ६० किलोमीटर होतात. दिवाळीनंतर खर्चाच्या वहीत एक नवीन ओळ दिसायला लागली: 'ऑईल १ लिटर'. दहा-बारा दिवसांनी पुन्हा तेच, आणि पुढं पुन्हा तेच.

मासिक बैठकीत विषय निघाला. कुणी म्हणालं, "सर्व्हिसिंगला तर ऑईल बदललंय, मग हे रोजचं कसलं?" ड्रायव्हर म्हणाला, "ऑईल कमी होतंय, पण कुठं जातंय ते कळत नाही." दोघी-तिघींनी रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकून बघितला. सकाळी पुठ्ठा कोरडा. मग कुजबुज सुरू झाली. गळत नाही, सांडत नाही, तरी संपतं? म्हणजे डबे दुसरीकडेच जात असणार.

मी तिथं होते. 'ऑईलच्या खर्चाबाबत ड्रायव्हरकडून खुलासा घ्यावा' हे वाक्य इतिवृत्तात लिहायला मीच सांगितलं. मला वाटलं, हिशेब पारदर्शक ठेवतोय. मावशी काही बोलल्या नाहीत. पुढच्या बैठकीला त्या आल्या नाहीत, बचत शेजारणीच्या हाती पाठवली.

त्यानंतर पंधरा दिवस ऑईलचं एकही बिल आलं नाही. आम्हाला वाटलं, बघा, विचारल्याबरोबर थांबलं.

एका पहाटे तालुक्याच्या बैठकीला जायचं म्हणून मी त्याच टेम्पोत बसले. मागं कोथिंबीर आणि वांगी. चढावर समोरचा लाल दिवा लुकलुकला, मग लागूनच राहिला. त्यानं लगेच गाडी कडेला घेऊन बंद केली. बाजार पाच किलोमीटरवर होता. मी म्हणाले, "अरे, हळूहळू घे ना, माल सुकेल." तो म्हणाला, "नाही ताई. आता एक किलोमीटर चालवली तरी इंजिन जाईल. मग हप्ता कोण भरणार?"

ऑईलची पट्टी काढून बघितली तर टोकालासुद्धा ऑईल नव्हतं. मी विचारलं, "मग टाकलं का नाहीस?" तो खाली बघून म्हणाला, "पैसे मागायची लाज वाटली."

दुसरी गाडी बोलावून माल हलवला. पोचायला उशीर झाला, कोथिंबिरीला भाव कमी मिळाला. पण इंजिन वाचलं. आम्ही ज्याच्यावर संशय घेतला, त्यानंच ते वाचवलं होतं.

आता धड्याकडे येऊ.

ऑईल नेमकं काय करतं

इंजिनमध्ये लोखंडाचे भाग एकमेकांवर फार वेगानं फिरतात. त्यांच्यामध्ये ऑईलचा पातळ थर असतो, म्हणून ते घासत नाहीत. ऑईल उष्णताही वाहून नेतं आणि आतला कचरा धरून ठेवतं, म्हणून ते काळं पडतं. ऑईल खालच्या चेंबरमध्ये साठतं, तिथून पंप ते ओढून सगळीकडे दाबानं पाठवतो. चेंबरमध्ये ऑईल फार कमी झालं की चढावर किंवा वळणावर ते एका बाजूला सरकतं आणि पंप हवा ओढतो. मग दाब पडतो आणि किटलीचं चित्र असलेला लाल दिवा लागतो.

नीट लक्षात ठेवा: बहुतेक गाड्यांत हा दिवा ऑईलच्या दाबाचा असतो. ऑईल थोडं कमी झालं म्हणून तो लागत नाही. तो लागला म्हणजे पाणी गळ्याशी आलेलं असतं. त्याची वाट बघायची नाही, त्याआधी पट्टी बघायची. चावी फिरवल्यावर हा दिवा लागायला हवा आणि इंजिन सुरू झाल्यावर विझायला हवा. चावी फिरवूनही लागत नसेल तर दिव्यातच बिघाड आहे, तो आधी दुरुस्त करा.

ऑईल कसं मोजायचं

१. गाडी सपाट जागेवर लावा. उतारावर मोजमाप चुकतं.
२. इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, म्हणजे ऑईल खाली उतरतं. पहाटे गाडी सुरू करण्याआधी बघितलं तर उत्तमच.
३. पट्टी काढा, स्वच्छ कापडानं पुसा, पूर्ण आत घाला आणि पुन्हा काढा. पहिल्यांदा काढलेली पट्टी खरं सांगत नाही.
४. पट्टीवर दोन खुणा असतात. ऑईल त्या दोन खुणांच्या मध्ये हवं. खालच्या खुणेजवळ आलं तर थोडं थोडं टाका आणि पुन्हा मोजा.
५. वरच्या खुणेच्या पुढं भरू नका. जास्त ऑईल आत घुसळलं जातं, त्याला फेस येतो आणि सीलवर ताण येतो.

काही छोट्या टेम्पोत इंजिन सीटखाली असतं. तुमच्या गाडीची पट्टी कुठं आहे आणि ऑईल कोणत्या नंबरचं लागतं, हे गाडीच्या पुस्तकात असतं. ते पुस्तक गटाच्या दप्तरात ठेवा.

ऑईल जातं कुठं

ऑईल आपोआप नाहीसं होत नाही. त्याला जायला तीन वाटा आहेत: बाहेर गळणं, आत जळणं आणि पाण्यात मिसळणं.

*पहिली वाट, गळणं.* रात्री इंजिनखाली पुठ्ठा टाका. तपकिरी किंवा काळा चिकट डाग म्हणजे इंजिन ऑईल. हिरवं, गुलाबी, पाण्यासारखं असेल तर ते कूलंट, म्हणजे रेडिएटरचं पाणी. एसीच्या गाडीखाली नुसतं स्वच्छ पाणी पडलं तर घाबरायचं कारण नाही. ऑईलची गळती बहुतेक ठरलेल्या जागी असते: ऑईल काढायचा खालचा बोल्ट, ऑईल फिल्टर, वरच्या टॅपेट कव्हरचं पॅकिंग, चेंबरचं पॅकिंग आणि इंजिनच्या पुढचं-मागचं ऑईल सील. सर्व्हिसिंग झाल्यावर लगेच ऑईल कमी व्हायला लागलं तर बोल्ट आणि फिल्टर आधी बघायला सांगा. बोल्ट सैल राहिला किंवा जुन्या फिल्टरचं रबर तसंच चिकटून राहिलं, तर एका फेरीत चेंबर रिकामं होऊ शकतं.

पण पुठ्ठा कोरडा म्हणजे गळती नाही, असं म्हणता येत नाही. इथंच आम्ही चुकलो. काही गळती इंजिन चालू असताना, दाब असतानाच होते. ऑईल वाऱ्यानं मागं पसरतं, त्यावर धूळ बसते आणि उभ्या गाडीखाली थेंबही पडत नाही. गाडीखाली चिकट, धुळीनं माखलेला पट्टा दिसला किंवा चालताना करपल्याचा वास आला, तर ही शंका घ्या.

*दुसरी वाट, जळणं.* सायलेन्सरचा धूर बघा. निळसर धूर म्हणजे ऑईल जळतंय. सकाळी सुरू करताना एकदाच निळा लोट येऊन थांबत असेल तर बहुतेक वॉल्व सील खराब असतात. चालताना, विशेषतः जोर देताना सतत निळा धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्याची शक्यता असते. काळा धूर हा ऑईलचा नाही. तो डिझेल नीट न जळल्याचा असतो, त्यासाठी आधी एअर फिल्टर बघायला सांगा. थंडीत सकाळी थोडा वेळ पांढरी वाफ येते, ती साधी आहे.

*तिसरी वाट, मिसळणं.* गाडी पूर्ण थंड असताना रेडिएटरच्या टाकीत बघा. पाण्यावर तेलाचा तवंग असेल, किंवा पट्टीवरचं ऑईल दुधाच्या चहासारखं दिसत असेल, तर ऑईल आणि पाणी एकत्र झालंय. गाडी चालवू नका, मेकॅनिकला बोलवा. गरम रेडिएटरचं झाकण कधीच उघडू नका, उकळतं पाणी अंगावर उडतं.

आणखी एक सांगते. ऑईल न टाकता पट्टीवरची पातळी वाढली तर खूश होऊ नका. ऑईलमध्ये पाणी किंवा डिझेल उतरत असतं, तेही तितकंच वाईट.

आमच्या गाडीचं काय निघालं

आम्ही आधी ऑईल वरच्या खुणेपर्यंत भरलं आणि एक वही केली. रोज सकाळी तारीख, किलोमीटर, पट्टीवरची पातळी, टाकलेलं ऑईल आणि दोन ताईंच्या सह्या. दोन आठवड्यांत चित्र स्पष्ट झालं. दर ३०० किलोमीटरला अर्धा लिटर कमी होत होतं. महिन्याला गाडी साधारण १५०० किलोमीटर फिरते, म्हणजे अडीच लिटर. मग जुनी बिलं काढली. महिन्याला अडीच ते तीन लिटरच निघाले. मुलानं एक थेंबही इकडचा तिकडं केला नव्हता.

धूर निळा नव्हता. पाण्यावर तवंग नव्हता. म्हणजे पहिलीच वाट उरली. मेकॅनिकनं थंड इंजिन धुऊन कोरडं पुसलं, वीस मिनिटं चालू ठेवलं आणि बॅटरी मारून बघितलं. लाल दिव्याला वायर जाते तो छोटा ऑईल प्रेशर स्विच असतो, त्याच्या तोंडातून ऑईलची बारीक ओली रेघ खाली येत होती. इंजिन बंद केलं की थांबायची. स्विच काहीशे रुपयांत बदलून झाला. इंजिन जाम झालं असतं तर खर्च हजारांत, बहुधा बऱ्याच हजारांत गेला असता, आणि तितके दिवस गाडी बंद.

दिवा लागला तर

१. गाडी सुरक्षित कडेला घ्या आणि लगेच इंजिन बंद करा. 'जरासंच राहिलंय' म्हणू नका.
२. चाकाला दगड लावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणी जायचं नाही.
३. दहा मिनिटांनी पट्टी बघा आणि खाली ऑईल सांडलंय का तेही बघा.
४. ऑईल कमी असेल आणि धार लागलेली नसेल, तर टाकून सुरू करा. दिवा काही सेकंदांत विझला तर मेकॅनिककडे न्या. विझला नाही तर पुन्हा बंद करा.
५. ऑईल पुरेसं असूनही दिवा लागला असेल, तर पंप किंवा स्विच खराब असू शकतो. गाडी ओढूनच न्या.
गाडीत एक लिटरचा सीलबंद डबा कायम ठेवा.

मेकॅनिककडे गेलात तर 'ऑईल कमी होतंय' एवढंच सांगू नका. किती किलोमीटरला किती कमी होतं, धूर कोणत्या रंगाचा, शेवटची सर्व्हिसिंग कधी, हे वहीतून वाचून दाखवा. मग 'इंजिनच उघडावं लागेल' असं तोंडावर फेकून कुणी आपल्याला घाबरवू शकत नाही. बदललेला जुना भाग परत मागून घ्या.

बैठकीत चर्चेसाठी

• आपल्या गाडीचं ऑईल शेवटचं कुणी आणि कधी मोजलं?
• ऑईलची वही कुणाकडे राहील? सह्या कोणत्या दोघी करतील?
• ऑईलसाठी ड्रायव्हरला दर वेळी पैसे मागावे लागतात का? त्यासाठी थोडी रक्कम बाजूला ठेवता येईल का?

नियमित लेखे हे आपल्या पंचसूत्रीतलं एक सूत्र आहे. आम्ही रुपयांचे लेखे ठेवले, ऑईलचे ठेवले नाहीत, आणि जिथं वहीत आकडा नव्हता तिथं संशय लिहिला. आकडा आधी लिहिला असता तर मावशींची एक बैठक चुकली नसती.

पुढच्या बैठकीआधी अध्यक्षा ताई आणि मी मावशींच्या घरी गेलो. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "मला नाही, पोराला सांगा." त्यालाही सांगितलं. त्या बैठकीत जुन्या ओळीखाली नवा ठराव लिहिला: खर्च तपासला, बिलं बरोबर आहेत, चूक गटाची होती. सगळ्यांनी सह्या केल्या. मावशींनीही केली, आणि ऑईलची वही आता त्यांच्याकडेच असते.

उद्या सकाळी गाडी निघायच्या आधी पट्टी काढून बघा. ऑईल किती आहे, ते पुढच्या भेटीत मला सांगा.

तुमची,
क्षेत्र समन्वयक