पडवीतील विजेची दुचाकी पुन्हा रस्त्यावर

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील काही घरांच्या पडवीत अलीकडे एक नवी अडगळ दिसू लागली आहे. काही वर्षांपूर्वी हौसेने घेतलेली विजेवरील दुचाकी धूळ खात उभी असते. गाडी कशामुळे बंद पडली, असे विचारल्यास “बॅटरी गेली” एवढेच उत्तर मिळते. वास्तविक पाहता बॅटरी गेली म्हणजे गाडी गेली, असे मुळीच नाही. सांगाडा, चाके आणि मोटार हे भाग बहुधा शाबूत असतात. रोज कामावर जाणाऱ्या शिक्षकाला, कारखान्यातील कामगाराला किंवा ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्याला पेट्रोलचा खर्च जड जात असताना असे साधन निकामी पडून राहणे हा दुहेरी तोटा होय.

विजेवरील वाहन ही या भागाला अपरिचित गोष्ट नाही. सातारा जिल्ह्यातील फलटण येथे श्री. बी. व्ही. निंबकर यांनी १९६८ मध्ये निंबकर कृषी संशोधन संस्था स्थापन केली. या संस्थेत डॉ. अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुधारित पायडल रिक्षा, मोटारीची मदत असलेली पायडल रिक्षा आणि पूर्णपणे विजेवर चालणारी रिक्षा विकसित केली. त्याविषयीचा त्यांचा लेख ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. देशातील रस्त्यांवर विजेच्या रिक्षा सर्रास दिसू लागण्याच्या कितीतरी आधीचे हे काम आहे.

बॅटरी का मरते?

जुन्या दुचाकींत साधारणपणे १२ व्होल्टच्या चार शिसे-आम्ल बॅटऱ्या एकापुढे एक जोडून ४८ व्होल्टचा दाब मिळविलेला असतो. अशी बॅटरी रिकाम्या अवस्थेत पडून राहिली, की तिच्यातील शिशाच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि तिची वीज साठविण्याची शक्ती घटते. गाडी उभी असली तरी बॅटरी आपोआप थोडीथोडी उतरत असते. म्हणूनच गाडी वापरात नसली तरी महिन्यातून किमान एकदा ती पूर्ण चार्ज करणे अगत्याचे आहे. बहुतेक गाड्या अतिवापराने नव्हे, तर न वापरल्याने बंद पडतात, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

तपासणीचा क्रम

बंद गाडी थेट चार्जरला जोडण्याची घाई करू नये. प्रथम बॅटऱ्या बाहेर काढून नीट पाहाव्यात. फुगलेली, तडा गेलेली किंवा गळणारी बॅटरी चार्ज करणे धोक्याचे असते. लिथियम बॅटरी फुगली असल्यास तिला आग लागण्याचा संभव असतो. ती घरात न ठेवता जाणकाराच्या स्वाधीन करावी.

त्यानंतर प्रत्येक बॅटरीचा दाब मल्टीमीटरने स्वतंत्रपणे मोजावा. चांगल्या, पूर्ण भरलेल्या आणि काही तास विसावलेल्या बॅटरीचा दाब पावणेतेरा व्होल्टच्या आसपास असतो. तो १२ व्होल्टच्या खाली असेल तर बॅटरी बरीच उतरली आहे असे समजावे. दीर्घकाळ साडेदहा व्होल्टच्याही खाली राहिलेली बॅटरी सहसा पूर्ववत होत नाही. दाब ठीक दिसला तरी खरी परीक्षा भाराखाली होते. गाडी चालवल्यावर ज्या बॅटरीचा दाब झपाट्याने कोसळतो, ती दुबळी होय.

येथे अनेकजण फक्त दुबळी बॅटरी बदलतात. हा काटकसरीचा भास आहे. जुन्या आणि नव्या बॅटऱ्या एकत्र जोडल्या असता जुन्या आधी रिकाम्या होतात, चार्ज होताना त्यांच्यावर ताण येतो आणि थोड्याच दिवसांत सारा संच बिघडतो. म्हणून चारही बॅटऱ्या एकाच जातीच्या आणि एकाच वेळी घ्याव्यात. लिथियम बॅटरी बसवायची झाल्यास तिचा स्वतंत्र चार्जर आणि संरक्षक यंत्रणा हवीच. शिसे-आम्ल बॅटरीचा जुना चार्जर तिला लावू नये.

बॅटरी चांगली असूनही गाडी हलत नसेल, तर फ्यूज, तारांचे जोड आणि ब्रेकच्या मुठीतील स्विच पाहावा. ब्रेक दाबताच मोटारीचा प्रवाह तोडणारा हा छोटा स्विच अडकला, तर सारे ठीक असूनही चाक फिरत नाही. टायरला पडलेल्या भेगा, ब्रेकच्या तारा आणि चाकांच्या बेअरिंगा यांची तपासणी याच वेळी उरकून घ्यावी.

पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीबाबत अधिक सावधगिरी हवी. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मधील कृष्णेच्या महापुराचा सांगलीकरांना अनुभव आहे. अशी गाडी वरून कोरडी दिसली तरी कारागिराने बॅटरी, कंट्रोलर आणि तारांचे जोड उघडून पाहिल्याशिवाय चार्जरला जोडू नये.

हिशेब आणि मर्यादा

४८ व्होल्ट आणि २४ अँपिअर-तासांच्या संचात सुमारे सव्वा युनिटपेक्षा थोडी कमी वीज मावते. चार्ज करतानाची घट धरून सुमारे दीड युनिट खर्च होते. हलक्या गाडीचा नवा संच सपाट रस्त्यावर साधारण ४० किलोमीटर साथ देतो. सांगली आणि मिरज यांमधील जाणे-येणे सुमारे २० किलोमीटरचे असल्याने निम्मी बॅटरी शिल्लक राहते, आणि तिचे आयुष्य वाढण्यास हेच उपकारक ठरते. कुपवाडची औद्योगिक वसाहत किंवा साताऱ्यातील कोडोलीची वसाहत गाठण्यासही अशी गाडी पुरेशी आहे. यवतेश्वरचा घाट चढणे मात्र तिचे काम नव्हे.

कायद्याचीही मर्यादा ध्यानात ठेवावी. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार २५० वॉटपेक्षा कमी शक्तीची, ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाची, बॅटरीशिवाय ६० किलोग्रॅमपेक्षा कमी वजनाची आणि विहित मान्यता मिळालेली गाडी ‘मोटार वाहन’ ठरत नाही. दुरुस्तीच्या निमित्ताने वेग वाढविणारा कंट्रोलर बसविल्यास ही सवलत राहत नाही. मग नोंदणी, विमा आणि चालक परवाना यांवाचून गाडी रस्त्यावर आणणे बेकायदेशीर ठरते. अपघात झाल्यास त्याचा भुर्दंड साऱ्या कुटुंबाला सोसावा लागतो.

निकामी झालेली बॅटरी उघड्यावर फोडणे किंवा शिसे वितळविणे हा लहान मुलांच्या आरोग्याशी खेळ आहे. शिशाची बाधा मेंदूच्या वाढीवर परिणाम करते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार अशी बॅटरी इतर कचऱ्यात न मिसळता संकलन करणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडे दिली पाहिजे. नवा संच घेताना जुना दुकानदाराकडे परत करणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे.

गावातच कौशल्य हवे

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ मध्ये बेळगाव येथे सायकलींचे दुकान काढले. त्याच उद्योगातून १९१० मध्ये आजच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी उभी राहिली. दुचाकीच्या दुकानातून केवढे सामर्थ्य निर्माण होऊ शकते, याचा हा घरचाच दाखला आहे. आज गावातील सायकल दुरुस्त करणाऱ्या तरुणाला मल्टीमीटर हाताळता आला, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेने त्याला चार दिवस मार्गदर्शन केले आणि ग्रामपंचायतीने जुन्या बॅटऱ्या गोळा करण्यासाठी एक सुरक्षित जागा नेमून दिली, तर पडवीतील अनेक गाड्या पुन्हा कामाला लागतील. शाळेतील विज्ञान शिक्षकांनाही विद्युतमंडलाचा पाठ शिकविण्यासाठी याहून जिवंत साधन सापडणार नाही.