बुद्ध हा नववा अवतार आहे काय?

‘अवतार’ या शब्दाच्या मुळाशी ‘अव’ हा उपसर्ग आणि ‘तृ’ हा धातू आहे. त्याचा सरळ अर्थ खाली उतरणे. जो मुळातच पूर्ण, समर्थ आणि वरच्या लोकी आहे, तो काही कार्यासाठी पृथ्वीवर उतरतो व कार्य संपले की परततो, ही या कल्पनेची चौकट आहे. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध आणि कल्की ही विष्णूच्या दहा अवतारांची रूढ यादी. चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी मार्कंडा येथील मंदिरसमूहात दशावताराच्या नावाने ओळखले जाणारे एक मंदिर आहे. भद्रावतीच्या विजासन लेण्यांत मात्र डोंगर कोरून घडविलेला बुद्ध कोणत्याही रांगेत नाही. तो आपल्या जागी एकटा ध्यानस्थ बसला आहे. आपल्या वाचकांपैकी पुष्कळांनी ही दोन्ही ठिकाणे पाहिली असतील. या दोन बुद्धांतील अंतर समजून घेणे हा या पाठाचा हेतू आहे.

तथागतांचा नववा क्रमांक हा त्यांचा गौरव आहे, असे अनेकांना वाटते. त्यामागचा पुराणांतील मजकूर मात्र फारसा वाचला जात नाही. विष्णुपुराणात विष्णू आपल्या देहातून ‘मायामोह’ नावाचा पुरुष निर्माण करतो. हा मायामोह दैत्यांना वेदमार्गापासून दूर नेतो, त्यामुळे ते दुर्बळ होतात आणि मग देव त्यांचा संहार करतात. भागवत पुराण म्हणते की, कलियुगात कीकट देशी अंजनाचा पुत्र म्हणून बुद्ध जन्मेल, तो देवांच्या शत्रूंना मोहात पाडण्यासाठी. लुंबिनीत शुद्धोदन आणि महामाया यांच्या पोटी जन्मलेल्या सिद्धार्थाशी या वर्णनाचा मेळ बसत नाही. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, येथे धम्म हा फसवणुकीचे साधन ठरतो आणि तो ऐकणारे फसलेले असुर ठरतात. ज्या यादीत आपले शिक्षण हीच दिशाभूल मानली आहे, त्या यादीतील जागेचा अभिमान कसा बाळगावा?

पुढे सूर बदलला, हेही नोंदविले पाहिजे. अकराव्या शतकातील काश्मिरी कवी क्षेमेंद्राने आपल्या दशावतारविषयक काव्यात बुद्धाला स्थान दिले आणि बाराव्या शतकात जयदेवाने यज्ञातील पशुहत्येची निंदा करणारा कारुणिक म्हणून त्याला वंदन केले. महाराष्ट्रात तर काही दशावतार-चित्रांत नवव्या जागी विठ्ठल उभा दिसतो आणि संतांनीही विठ्ठलाला बौद्ध अवतार म्हटले आहे. या भक्तीत कपट नव्हते, असे आम्ही मानतो. परंतु करुणा घेतली आणि वेदप्रामाण्य व वर्णव्यवस्थेवरील प्रश्न मागे ठेवले, तर उरते ते अर्धेच.

देवाणघेवाण एकाच बाजूने झाली असे समजणेही खरे नाही. पाली जातककथांची संख्या 547 आहे आणि त्यांतील 461 वी कथा दशरथ जातक होय. तीत रामपंडित हा पूर्वजन्मीचा बोधिसत्त्वच आहे. तो राक्षसांना मारीत नाही. पित्याच्या मरणाची वार्ता आली असता शोक न करता अनित्यता समजावून सांगतो. म्हणजे आपल्या परंपरेनेही लोकप्रिय कथा आपल्या साच्यात बसविल्या. फरक साच्याचा आहे. अवतार पूर्णत्वातून खाली येतो. बोधिसत्त्व अपूर्णतेतून वर चढतो. दान, शील, क्षांती अशा पारमिता जन्मोजन्मी कष्टाने पूर्ण करतो. अवताराची पूजा करता येते, त्याचे अनुकरण करता येत नाही. बोधिसत्त्वाच्या वाटेवर कोणीही पाऊल टाकू शकतो.

अंगुत्तर निकायातील द्रोण ब्राह्मणाची कथा येथे आठवते. वाटेत चक्रचिन्हांकित पाऊलखुणा पाहून तो बुद्धांपाशी येतो आणि विचारतो: आपण देव आहात काय? गंधर्व? यक्ष? मनुष्य? प्रत्येकाला नकार मिळतो. ज्या आस्रवांमुळे तसा जन्म येतो, ते आपण मुळासकट उपटले आहेत. आपण बुद्ध आहोत, असे उत्तर येते. बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बुद्ध मार्गदाता आहे, मोक्षदाता नव्हे, हा भेद ठळकपणे मांडला.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात आणि दोनच दिवसांनी, 16 ऑक्टोबरला, आपल्या चंद्रपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. बावीस प्रतिज्ञांपैकी चौथी देवाने अवतार घेतल्याचे नाकारते आणि पाचवी बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याचे नाकारते. एका विषयावर लागोपाठ दोन प्रतिज्ञा का, असा प्रश्न विद्यार्थी करतात. कारण सामान्य अवतारवाद सोडूनही बुद्धाला नवव्या क्रमांकावर ठेवणे शक्य होते. ती वाट उघडी राहिली असती, तर धर्मांतर हे एका घरातील खोली बदलणे ठरले असते.

अवतारकथांचे आणखी एक वाचन महात्मा फुले यांनी 1873 च्या ‘गुलामगिरी’त केले. मत्स्यापासून परशुरामापर्यंतचे अवतार त्यांनी आक्रमकांच्या स्वाऱ्या म्हणून वाचले. त्यांतील सर्व व्युत्पत्ती आज इतिहास म्हणून टिकतील असे नाही. तरीही त्यांचा मूळ प्रश्न टिकला आहे: ही कथा कोणाच्या बाजूने सांगितली आहे? वामनाने तीन पावलांत बळीचे राज्य घेतले, हा पुराणाला विजय वाटतो. पण शेतकऱ्याच्या घरातील स्त्री आजही इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो असेच म्हणते. धान पिकविणाऱ्या आपल्या मुलखात हे वाक्य कोणाला समजावून सांगावे लागत नाही. गोंड आणि माडिया समाजातील पालकांनाही हा प्रश्न परका नाही. त्यांचे पेन कुळांशी आणि पूर्वजांशी जोडलेले आहेत. पहांदी पारी कुपार लिंगो कोया पुनेमचा गुरू आहे, आणि त्याचे मोठेपण सिद्ध करण्यासाठी त्याला कोणाचा अवतार ठरविण्याची गरज नाही.

राहता राहिला विद्यार्थ्यांचा व्यावहारिक प्रश्न. स्पर्धा परीक्षेत ‘विष्णूचा नववा अवतार कोणता?’ असे विचारले तर काय लिहावे? पुराणकथेविषयीचा प्रश्न पुराणाच्याच आधाराने सोडवावा, ‘बुद्ध’ हा पर्याय निवडावा आणि गुण घ्यावेत. त्यात प्रतिज्ञाभंग नाही. उत्तर सविस्तर लिहायचे असेल, तर ‘पुराणांनुसार’ हा शब्द आधी लिहावा. प्रश्न ‘गौतम बुद्ध कोण होते?’ असा असेल, तर उत्तर लुंबिनीपासून सुरू होते.