रोन नदीच्या मुखाशी

फ्रान्स देशाच्या दक्षिणेस, भूमध्य समुद्राच्या काठी, कामार्ग नावाचा सखल प्रदेश आहे. आल्प्स पर्वतातील हिमनदीतून उगम पावलेली रोन नदी सुमारे ८०० किलोमीटरांचा प्रवास करून येथे सागरास मिळते. आर्ल नगराजवळ तिचे दोन फाटे होतात. त्या फाट्यांच्या कवेत दलदली, खारी सरोवरे, मिठागरे आणि भातशेते पसरली आहेत. येथे येणाऱ्या प्रवाशापाशी दुर्बीण हवी. त्याहूनही अधिक हवा तो धीर.

प्रवासाचा आरंभ आर्ल येथून करावा. रोमन लोकांनी इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस येथे एक लंबवर्तुळाकार प्रेक्षागार बांधले. त्यात सुमारे २०,००० प्रेक्षक बसत. रोमन साम्राज्य लयास गेले, तेव्हा नगरवासीयांनी शत्रूच्या भयाने याच भक्कम भिंतींचा आश्रय घेतला. आत दोनशेहून अधिक घरे उभी राहिली. पुढे एकोणिसाव्या शतकात ती घरे काढून मूळ वास्तू मोकळी करण्यात आली. १९८१ साली आर्लच्या या प्राचीन वास्तूंचा समावेश जागतिक वारशात झाला.

आर्ल मागे पडले की सपाट माळ लागतो. येथील अर्धवट रानटी घोडे पांढरेशुभ्र असतात. परंतु त्यांची शिंगरे मात्र जन्मतः काळी किंवा तपकिरी असतात. घोड्यांच्या पाठीवर गायबगळे निश्चिंत बसलेले दिसतात. उथळ पाण्यात लांब, तांबड्या पायांचा शेकाट्या ठुमकत चालतो.

समुद्रकाठी सेंत-मारी हे लहानसे गाव आहे. दरवर्षी मे महिन्यात युरोपातील रोमा लोक येथील यात्रेस जमतात आणि आपल्या सारा या संत स्त्रीची मूर्ती वाजतगाजत समुद्रापर्यंत नेतात. या लोकांचे पूर्वज सुमारे एक हजार वर्षांपूर्वी भारतातून पश्चिमेकडे गेले. त्यांच्या भाषेत पाण्याला ‘पानी’ आणि कानाला ‘कान’ म्हणतात. इतक्या दूरच्या किनाऱ्यावर हे शब्द कानी पडले, तर मराठी माणसास नवल वाटल्यावाचून राहील काय?

परंतु कामार्गचे खरे वैभव म्हणजे रोहित पक्षी. यालाच अग्निपंख असेही म्हणतात. आपल्याकडे उजनी जलाशयावर आणि ठाण्याच्या खाडीत येणाऱ्या थोर रोहिताचीच ही जात होय. चोच उलटी धरून तो चिखलपाणी गाळतो व त्यातील सूक्ष्म जीव टिपतो. त्या जीवांतील रंगद्रव्यानेच त्याच्या पिसांना गुलाबी छटा येते. मादी चिखलाच्या उंचवट्यासारख्या घरट्यात एकच अंडे घालते.

एकेकाळी मात्र हे वैभव नष्ट होते की काय, अशी भीती उत्पन्न झाली होती. रोहित ज्या बेटांवर घरटी करीत, ती लाटांनी झिजू लागली. १९६० नंतरच्या दशकात कित्येक वर्षे येथे वीणच झाली नाही. या प्रदेशात १९५४ साली ल्यूक हॉफमन यांनी तूर द्यु व्हाला ही संशोधन संस्था स्थापिली होती. तेथील अभ्यासकांच्या प्रयत्नाने १९७० साली फँगासिए सरोवरात एक कृत्रिम बेट तयार झाले. पक्षी मात्र तेथे उतरेनात. माणसे निराश झाली नाहीत. पक्ष्यांस विश्वास वाटावा म्हणून त्यांनी आपल्या हातांनी चिखलाची घरटी घडवून बेटावर मांडली. अखेर १९७४ साली रोहितांचा थवा त्या बेटावर उतरला आणि वीण सुरू झाली.

१९७७ पासून पिलांच्या पायांत खुणेची कडी घालण्यात येऊ लागली. तेव्हा कळले, की कामार्गची पिले स्पेन, ट्युनिसिया, तुर्कस्तान अशा दूरदूरच्या देशांत जातात. देशांच्या सीमा पक्षी जाणत नाहीत. म्हणून त्यांच्या रक्षणाचा भार कोणा एका देशाने वाहून भागत नाही.

आर्लच्या प्रेक्षागाराचे दगड असोत की रोहितांची मातीची घरटी, जपणारे हात होते म्हणूनच ती आज पाहावयास मिळतात. संध्याकाळी सरोवरावरून गुलाबी थवा उडत जातो, तेव्हा काठावरचा प्रवासी दुर्बीण खाली ठेवून नुसता पाहत राहतो.

स्वाध्याय
१. आर्लच्या प्रेक्षागारात लोक राहावयास का गेले?
२. रोहित बेटावर यावेत म्हणून अभ्यासकांनी कोणती युक्ती केली?
३. तुमच्या गावाजवळील एखादा पाणवठा पाहून तेथील पक्ष्यांविषयी दहा ओळी लिहा.